दोन माणसांचे सिनेमे

दौंडला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझी व्हिडिओ लायब्ररी होती. नव्वदच्या सुमारास सुरू केली. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग डीव्हीडी. तिन्हींसाठी तेच लोखंडी रॅक वापरले आणि शेवटी तेच रॅक एका औषधवाल्याला देऊन दुकान बंद केलं. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. कॅसेट म्हशीनं चघळली म्हणून फक्त डबी परत करणाऱ्या पाटलीणबाई होत्या का, तर होत्या. पण मला वेगळंच लिहायचं आहे. ते आजवर लिहिलं नाही, कारण आई-वडील होते. आता दोघंही नाहीत. नावं बदलली आहेत, माणसं खरी आहेत.

आम्ही धनगर, कवठे येमाईचे. वडिलांनी तरुणपणी मेंढरं राखली, मग थोडी जमीन झाली आणि बिऱ्हाड एका जागी थांबलं. मी शिरूरला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलो. काम आवडायचं, शिरूर आवडायचं नाही. स्टँडवर उतरलेला प्रत्येक पाहुणा दुकानात डोकवायचा आणि लग्नाचं विचारायचा. मला पुरुष आवडतात हे मला सोळा-सतराव्या वर्षीच कळलं होतं. त्याला आमच्याकडं शब्द नव्हता. जे होते त्या शिव्या होत्या. तिशी जवळ आली तसा पाहुण्यांचा धीर सुटत चालला, माझाही. दौंड रेल्वेचं गाव. तिथं निम्मी माणसं कुठून कुठून बदलून आलेली, कुणी कुणाला फारसं विचारत नाही. म्हणून एसटीत दोन ट्रंका टाकून मी तिथं गेलो, एक खोली घेतली, तिच्या पुढच्या भागात दुकान थाटलं आणि मागच्या भागात राहिलो. घरी सांगितलं, धंद्याचा जम बसला की लग्नाचं बघू. जम दोन वर्षांत बसला. मी ते घरी कळवलं नाही.

ज्यांनी कॅसेट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची काळी-तपकिरी फीत असते. यंत्रातलं एक फिरतं डोकं तिला घासत चित्र वाचतं. सिनेमा नुसता पाहिला तर फीत पुष्कळ वर्षं टिकते. पण एकाच जागी पॉज केलं, मागं नेऊन तेच तेच पाहिलं, की ते डोकं त्याच जागी घासत राहतं आणि फीत तेवढ्या तुकड्यात झिजते. मग चित्रावर पांढरे ठिपके येतात. आम्ही त्याला मुंग्या म्हणायचो. त्यामुळं लायब्ररीवाल्याला न विचारता कळायचं, की या गावातली माणसं कोणत्या सिनेमात कुठं थांबतात. बहुतेक मुंग्या नाचाच्या गाण्यांत असायच्या, त्यातही भिजलेल्या. मी कुणाला काही बोललो नाही. धंद्याचा तेवढा एक नियम मी शेवटपर्यंत पाळला.

एकदा एक बाई तक्रार घेऊन आल्या, की मध्येच मुंग्या येतात आणि पोरं रडतात. साधा मारामारीचा हिंदी सिनेमा होता. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो लावून बसलो. मुंग्या आल्या त्या जागी गाणं नव्हतं, बाई नव्हती, मारामारीही नव्हती. जखमी मित्राला नायक खाटेवर झोपवतो, त्याच्या पायांतले बूट काढतो आणि त्याचे पाय आपल्या मांडीवर घेऊन नुसता बसतो. एवढंच होतं, मिनिटभराचं. सबंध सिनेमात दुसरीकडं कुठं फीत झिजली नव्हती.

मी टीव्ही बंद केला आणि बसून राहिलो. कारण तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही त्याच जागी थांबलो होतो.

मग वही काढली. तो सिनेमा एका माणसानं चार महिन्यांत पाच वेळा नेला होता. जाधवसाहेब, पाटसच्या बाजूला साखर कारखान्यात केमिस्ट. रसाचे नमुने तपासणं, साखर किती उतरली ते काढणं, असं त्यांचं काम. मूळचे सांगलीकडचे, एकटेच कारखान्याच्या वसाहतीत राहायचे. पस्तिशीचे असतील. गळीत हंगामात पाळ्या असल्या तरी दर गुरुवारी एसटीनं दौंडला यायचे, एक कॅसेट द्यायचे, एक न्यायचे. कमी बोलायचे. कॅसेट नेहमी पूर्ण रिवाइंड करून, फीत सुरुवातीपर्यंत मागं नेऊन आणायचे. असं करणारी सगळ्या गावात तीन माणसं होती.

दौंडसारख्या गावात आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे मला असं कळलं. पण कळून करायचं काय? विचारणार कसं? अंदाज चुकला असता तर दुकान गेलं असतं, आणि तोंड दाखवायला कवठ्यालाही जागा राहिली नसती.

त्याच सुमाराला रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर, ज्यांना सगळं गाव अंकल म्हणायचं, ते मुलीकडं परदेशी निघाले आणि त्यांनी इंग्रजी कॅसेटचं एक खोकं माझ्याकडं टाकलं. मी सवयीप्रमाणं सकाळी सकाळी एकेक लावून पाहत गेलो. त्यात एक युरोपातला सिनेमा निघाला. भाषा कळेना, पण खाली इंग्रजीत ओळी यायच्या. मी कॉलेजात बारावीपर्यंत गेलेलो. पॉज करायचो, शब्दकोश उघडायचो, पुढं जायचो. दोन माणसं एका थंड गावात पावाची भट्टी चालवतात. पीठ मळतात, लाकडं फोडतात, आणि एकमेकांवर त्यांचं प्रेम आहे. एकाची बहीण त्यांना तोडायला येते आणि हरून जाते. शेवटी दोघं टेबलावर बसून सूप पितात. चार सकाळी लागल्या मला तो संपवायला. संपल्यावर मी सूप पिण्याचा तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा. झिजेल म्हणून मग हात आवरला.

असा सिनेमा असतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गुरुवारी जाधवसाहेब आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी ती कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "साहेब, हा बाहेरचा आहे. मारामारी नाही. दोन माणसांचा आहे."

त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"दोन पुरुषांचा," मी म्हटलं. माझ्या आवाजाकडं माझंच लक्ष होतं.

त्यांनी डबी उलटी करून पाहिली. पाठीमागं काही छापलेलं नव्हतं. पिशवीत टाकली आणि गेले. तो आठवडा मला कसा गेला ते सांगत नाही. पुढच्या गुरुवारी ते वेळेवर आले, रिवाइंड केलेली कॅसेट ठेवली, रॅककडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अजून आहे का?"

तिथून आमचं सुरू झालं. अजून नव्हतं, मग मी शोधायला लागलो. महिन्यातून एकदा पॅसेंजरनं पुण्याला जायचो. लष्कराच्या बाजूला जुन्या कॅसेट विकणारे होते. वकिलातीतल्या, क्लबातल्या, परदेशी गेलेल्यांच्या घरातल्या निकाली कॅसेट त्यांच्याकडं यायच्या. डबीवर खरं कधी लिहिलेलं नसायचं. 'असाधारण मैत्री' अशा अर्थाचं काही असलं की मी घ्यायचो. दहांतल्या सहांत खरंच मैत्री निघायची, बहुधा कुत्र्याशी. दोन नुसती घाण असायची. उरलेल्या दोनांसाठी एवढा उद्योग. पाहण्यासारखं कशाला म्हणायचं, याची माझी एक समज हळूहळू तयार झाली. ज्यात ती माणसं हसण्यासाठी ठेवली आहेत तो नको. ज्यात ती पाप करून शिक्षा भोगतात तोही नको. त्यांना काही कामधंदा असावा, त्यांनी जेवावं, आजारी पडावं. आणि शक्यतो दोघंही जिवंत राहावेत. ही शेवटची अट लावली की माझ्या हातात त्या भट्टीवाल्या सिनेमाशिवाय काहीच उरायचं नाही. त्या काळच्या त्या सिनेमांत कुणीतरी एक मरायचाच; न्युमोनियानं, गाडीखाली, नाहीतर स्वतःहून. म्हणून मी शेवट आधीच सांगायची पद्धत ठेवली. इतर गिऱ्हाइकांना शेवट सांगितला तर ती भांडायची. जाधवसाहेब मात्र आधी तेच विचारायचे, "शेवटी काय होतं?" मी म्हणायचो, एक जातो, पण शांतपणे. मग ते ठरवायचे, या आठवड्यात झेपेल का नाही.

या कॅसेट मी वेगळ्या डब्यांत ठेवायचो. डब्यांवर चिठ्ठी होती: 'ठिबक सिंचन, भाग १', 'भाग २' वगैरे. म्हटलं, याला कोण हात लावतंय. एक दिवस खुटबावकडचे एक आबा आले, फेटा-काठी, आणि त्यांना तोच भाग एक पाहिजे. मी म्हटलं खराब आहे. म्हणाले, भाग दोन द्या. तोही खराब. आबा काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "सिनेमा समदं चांगलं आन् शेतकऱ्याचंच तेवढं खराब व्हय?"  मी शेतकी खात्यात खेटे घालून खरी ठिबकची कॅसेट मिळवली आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली. ही गोष्ट जाधवसाहेबांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. पुढं ते यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, ठिबकचा नवा भाग आला का. दुकानात कुणी असलं तरी चालायचं.

तीन वर्षं असं चाललं. आमचं बोलणं फक्त सिनेमांतल्या माणसांबद्दल. अमक्यानं त्या स्टेशनवर थांबायला हवं होतं, ते म्हणायचे. थांबला असता तर ओळखला गेला असता, मी म्हणायचो. कधी ते चहा घ्यायचे, कधी नाही. ते म्हणजे काय आहेत, मी म्हणजे काय आहे, हे त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. आठवड्याचे सहा दिवस मी खानावळीत जेवायचो, गिऱ्हाइकं करायचो, यंत्राचं डोकं स्पिरिटनं पुसायचो, पावसाळ्यात कॅसेटांची बुरशी काढायचो. सातवा दिवस गुरुवार असायचा.

मग माझ्या हातून चूक झाली. पुण्यात मला एक सिनेमा मिळाला, फार सुंदर. एका बेटावरचा डाक वाटणारा आणि तिथल्या शाळेचा मास्तर. इतका नीट केलेला, की मी दोन दिवस हवेत होतो. मास्तर शेवटी जीव देतो. गुरुवारी दुकानात गर्दी होती, लग्नसराई, व्हीसीपी भाड्यानं न्यायला माणसं उभी. जाधवसाहेबांनी डोळ्यांनीच विचारलं आणि मी म्हटलं, "डोळे मिटून न्या." शेवट सांगितला नाही.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. तिसरा गुरुवार कोरडा गेल्यावर माझं मन थाऱ्यावर राहिना. त्यांचा चेहरा आठवत होता. गेले दोन-तीन महिने ते उतरले होते, हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं. फोन कुणाला करू? कारखान्यावर विचारलं तर विचारणार, तुम्ही कोण? खरंच, मी कोण होतो? एक कॅसेट परत यायची राहिलेला लायब्ररीवाला. तेवढाच माझा हक्क होता. तोच घेऊन मी दुपारी दुकान बंद केलं आणि पाटसची एसटी धरली.

वसाहतीत त्यांच्या दारापुढं मांडवाचे बांबू पडलेले दिसले आणि माझे पाय थांबले. मांडव लग्नाला घालतात तसा तेराव्यालाही घालतात. तेवढ्यात आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज आला. जाधवसाहेब बाहेर आले, बनियनवर, हाताला हळदीच्या पुड्यांचा पिवळा डाग. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. सांगलीकडून आलेली त्यांची आई मागून आली. ते आईला म्हणाले, "दौंडचे आहेत, कॅसेटवाले. परत द्यायची राहिली." आईनं मला बसवलं, लाडू दिला, आणि अभिमानानं सांगितलं, की एवढी वर्षं नको नको म्हणत होता, शेवटी मी अन्न सोडलं तेव्हा हो म्हणाला. मुलगी मिरजेची. साखरपुडा झाला, आता देवकार्य.

मी लाडू खाल्ला. कॅसेट घेतली. ते म्हणाले, स्टँडपर्यंत येतो.

हायवेला आम्ही उभे राहिलो. समोरून उसाच्या बैलगाड्या जात होत्या.  मग ते म्हणाले, "मास्तरचं आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"चुकलं," मी म्हटलं.

"दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आईला हो कळवलं." ते माझ्याकडं बघत नव्हते. "दोनच वाटा दिसल्या. त्यातली ही जिवंत राहायची."

दौंडची एक एसटी आली, थांबली, गेली. मी हात केला नाही. दुसरी आली, तीही गेली. मला म्हणायचं होतं, की साहेब, तिसरी वाट आहे, मी तीच चालतो आहे, एकटा आहे पण जिवंत आहे. आणि तुम्ही असतात तर एकटाही नसतो. एवढं वाक्य. तीन वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या असल्या वाक्यांचा माझ्याकडं साठा होता. त्यातलं एकही मला आलं नाही. तिसरी एसटी आली तेव्हा त्यांनीच हात केला आणि म्हणाले, "या आता, दुकान उघडायचं असेल."

त्यांनी लग्नपत्रिका पाठवली. मी मिरजेला गेलो नाही. पुढच्या हंगामाआधी ते कोल्हापूरकडच्या कुठल्याशा कारखान्यावर गेल्याचं कळलं. ते सुखी झाले असतील, न झाले असतील. त्या मुलीचं काय झालं असेल, याचाही विचार मी पुष्कळ केला. मला त्यांचा पत्ता मिळवता आला असता. मी मिळवला नाही. गुरुवारी दुकान उघडं ठेवून बसणं मला पुढची दोनेक वर्षं जड गेलं.

तरी शोधणं सुटलं नाही. सीडी आल्या, मग डीव्हीडी, आणि माल वाढला. गिऱ्हाइकंही कधीमधी मिळाली. रेल्वेतला एक टीसी, शिरूरहून खास येणारा एक दवाखान्यातला कंपाउंडर, कॉलेजातली दोघं-तिघं. कुणी काही बोलायचं नाही. कशावर थांबतात ते बघायचं आणि एक दिवस म्हणायचं, हा दोन माणसांचा आहे. डीव्हीडीला मुंग्या येत नाहीत, त्यामुळं पूर्वीसारखं कळायचं नाही. आता मला माणसांच्या चेहऱ्याकडंच बघावं लागायचं. शेवट मात्र मी प्रत्येकाला आधी सांगितला. पुन्हा कधी चुकलो नाही.

असंच एक दिवस, दिवाळीला महिनाभर असेल, दुपारच्या वेळेला एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, हिरव्या काठाची साडी, हातात अंगणवाडीची फाइल. बाकी गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या. मग आत येऊन म्हणाल्या, "मी खुटबावची. सचिनची आई."

सचिन मला आठवला. दौंडला कॉलेजला असताना माझ्याकडं यायचा. आता पुण्यात कंपनीत होता. इंदूबाई, म्हणजे या बाई, खालच्या आवाजात सांगत गेल्या. मागच्या वर्षी लग्नाचं काढलं तेव्हा सचिननं सांगितलं, की मी लग्न करणार नाही, मी एका मुलाबरोबर राहतो. इंदूबाईंचे मालक पूर्वीच वारलेले, एकुलता एक पोरगा. त्या रागाच्या भरात बोलून गेल्या, की तू मेला असतास तर एकदाच रडले असते. तेव्हापासून तो घरी आला नव्हता. फोन उचलायचा, पण त्याला सांगता यायचं नाही आणि यांना कळायचं नाही. शेवटी तो म्हणाला होता, आई, दौंडच्या कॅसेटवाल्या मामांकडं जा. त्यांना म्हण, एखादा पिक्चर दाखवा.

"मला विंग्रजी येत न्हाई," इंदूबाई म्हणाल्या. "पन बघायचं हाय. माझं पोरगं काय करतंय ते मला बघायचं हाय."

माझ्याकडं मराठीत तसलं काहीच नव्हतं. हिंदीत जे होतं ते थट्टेचं होतं, ते दाखवून त्या पोराचं नुकसान झालं असतं. मी थोडा विचार केला, शटर अर्धं खाली ओढलं, त्यांना खुर्ची दिली आणि माळ्यावरून जुना व्हीसीआर काढला. अंकलच्या खोक्यातला तो भट्टीवाला सिनेमा लावला. म्हटलं, मी सांगत जातो.

सुरुवातीला मी दुकानातल्या भाषेत सांगत होतो. शुद्ध, काउंटरवर बोलतात तशी. ती या बाईंपर्यंत पोचत नव्हती, मलाच कळत होतं. मग कधीतरी माझी जीभ कवठ्याला वळली. आईशी बोलायचो ती भाषा. पंधरा वर्षांत दौंडला मी ती वापरली नव्हती. पीठ मळताना ते काय बोलतात, बहीण येते ती काय म्हणते, सगळं मी त्या भाषेत सांगत गेलो. इंदूबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. पुढं तो मोठा भट्टीवाला बहिणीला उत्तर देतो तो भाग आला. खाली इंग्रजीत ओळ आली आणि मी ती म्हटली, "मला ह्याच्याबिगर ऱ्हाता येतं. पन ऱ्हायाचं न्हाई."

म्हटली, आणि पुढची ओळ मला वाचता येईना. असलं वाक्य मी माझ्या आईच्या भाषेत कधी उच्चारलं नव्हतं, दुसऱ्याचं म्हणूनसुद्धा नाही. इंदूबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. टीव्हीकडंच बघत राहिल्या. 

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "वाईट कवा होतंय?"

"काय वाईट?"

"कायतरी हुईल की. मी मगाधरनं वाट बघतीया."

मी सांगितलं, "व्हत न्हाई काय. आता ते दोघं सूप पित्यात आन् सपतंय."

त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटचं अक्षर वर जाईपर्यंत त्या खुर्चीच्या टोकावर बसून होत्या. पडदा काळा झाला. त्यांनी डोळे पुसले, फाइल मांडीवर नीट ठेवली, आणि मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी बी आसंच का?"

हायवेवर जाधवसाहेबांसमोर मी दोन एसटी नुसत्या जाऊ दिल्या होत्या, त्या मला आठवल्या. मी म्हटलं, "व्हय."

आयुष्यात पहिल्यांदा. खुटबावच्या एका अनोळखी बाईला, दुपारी तीन वाजता, अर्ध्या शटरच्या आत.

 मला वाटलं, आता उठतील. त्यांनी विचारलं, "मग जेवता कुटं?"

खानावळीत, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठल्या, पाच वाजताच्या पॅसेंजरला गेल्या.

दिवाळीच्या पाडव्याला सचिनचा फोन आला. मामा, आईनं जेवायला बोलावलंय, यायलाच लागेल. मी दुकानाचं कारण काढलं. पलीकडं फोन इंदूबाईंनी घेतला आणि म्हणाल्या, दुकान कुठं पळून जात नाही. गेलो. खुटबाव स्टेशनवर सचिन स्कूटर घेऊन उभा होता. घरी त्याचा मित्र होता, अभिजित, उंच, चष्मेवाला, ओटीवर कांदे चिरत बसलेला. शेजारपाजाऱ्यांना तो कंपनीतला मित्र म्हणून सांगितला होता. इंदूबाईही त्याच्याशी अजून अडखळत बोलत होत्या. त्याचं नाव न घेता "ह्यांना वाढ" असं म्हणायच्या.

आम्ही तिघं पाटांवर बसलो. भात थोडा कच्चा राहिला होता, म्हणून कुकरचा विषय निघाला. अभिजित म्हणाला, आमच्याकडचाही असाच झालाय, रबर गेलंय, तीन महिने सांगतोय. सचिन म्हणाला, मी आणलं होतं, तू चुकीचं माप सांगितलंस. अभिजित म्हणाला, माप तू घेतलं होतंस, सुतळीनं. सचिन म्हणाला, मग तू का नाही गेलास बदलायला? अभिजित म्हणाला, शनिवारी कपडे कोण धुतं? आवाज चढले. दोघंही खरंच चिडले होते; भात चिवडत एकमेकांकडं न बघता बोलत होते. इंदूबाई चुलीपासून ओरडल्या, "आरं गप जेवा की दोगं बी." दोगं बी, म्हणाल्या.

मी शंभरेक सिनेमे शोधून पाहिले होते. त्यांत बेटं होती, बर्फ होता, पत्रं होती, स्टेशनवरचे निरोप होते. कुकरच्या रबरावरून, तीन महिने जुनं असलेलं भांडण त्यांतल्या एकाही सिनेमात नव्हतं. त्या सिनेमांतल्या कुणाचा मला कधी हेवा वाटला नव्हता. ती लांबची माणसं होती. त्या दुपारी, पाटावर बसून, मला या दोघांचा इतका हेवा वाटला की मी जेवायचं विसरलो. सचिनला काय वाटलं कोण जाणे, विषय बदलायला तो म्हणाला, "मामा, एखादा नवीन पिक्चर सांगा ना चांगला."

मला एकही नाव सुचलं नाही. मी म्हटलं, बघून सांगतो.

इंदूबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि मला विचारलं, वाढू का. पोट केव्हाच भरलं होतं. मी ताट पुढं केलं.